पोरं लहान आहेत अजून

मार्चअखेरीला एका सकाळी मी शेजारच्या वहिनींसोबत सिव्हिल लाईन्सला जिल्हा न्यायालयात गेले होते. वहिनी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मित्राची बायको. मानेवाड्याला आमच्याच गल्लीत राहतात. भाऊजी गेल्या वर्षी गेले, त्रेचाळिसाव्या वर्षी. बुटीबोरीच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून आले, छातीत जळजळतंय म्हणून गोळी घेऊन झोपले, आणि पहाटे धंतोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सारं आटोपलं होतं. त्या पहाटेबद्दल लिहायला माझा हात धजत नाही. पण कोर्टाच्या व्हरांड्यात वहिनींच्या मांडीवर जी कापडी पिशवी होती, ती काही केल्या डोक्यातून जात नाही.

पिशवीत पावत्या होत्या. मोठीच्या अकरावीच्या क्लासची, धाकट्याच्या शाळेची, व्हॅनवाल्या दादाने वहीच्या पानावर लिहून दिलेला वर्षाचा हिशोब, चष्म्याचं बिल. मुलांवर खर्च काय होतो ते कागदाने दाखवावं लागेल, असं वकिलांनी सांगितलं होतं. वहिनी बाकावर दोन गठ्ठे लावत होत्या, एक मोठीचा आणि एक धाकट्याचा. वर पंखा गरगरत होता, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक किल्ली ठेवलेली. एक घराची, एक भाऊजींच्या मोटारसायकलची. मध्येच एक चुरगळलेली पावती त्यांनी मांडीवर घासून सरळ केली आणि विचारलं, "ताई, सँडलचं बिल लागते का जी यात?"

लावा, म्हटलं मी.

नागपुरात नोकरदाराच्या हाती चार पैसे उरले की तो प्लॉट घेतो. विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पाचं नाव निघालं तेव्हापासून तर बेसा, घोगली, जामठा, हुडकेश्वर, जिकडे पाहावं तिकडे लेआउट पडले, आणि हप्त्याहप्त्याने फेडलेला जमिनीचा तुकडा म्हणजे पोरीचं शिक्षण असा हिशोब घराघरात मांडला गेला. भाऊजींनीही बेसाला घेतला, एकट्याच्या नावावर. मोठीच्या मेडिकलच्या तयारीच्या वेळी तो विकायचा हे दोघांचं ठरलेलंच होतं. गिऱ्हाईकही आलं. पण त्याच्या वकिलाने कागद पाहिले आणि मान हलवली. मृत्युपत्र नाही, म्हणजे १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने प्लॉटचे चार सारखे वाटे: वहिनी, दोन मुलं आणि भाऊजींची आई. सासूबाईंची सही मिळाली असती. मुलांची कोण देणार? दोघंही अठराच्या आतली. अज्ञान मुलाच्या वाट्याची जमीन सख्ख्या आईलाही कोर्टाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. त्याच वर्षीच्या पालकत्वाच्या कायद्याचं आठवं कलम तसं सांगतं. तिने विकलीच, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकतं. असल्या जमिनीत कोण पैसे घालणार? म्हणून हा अर्ज, आणि म्हणून त्या पावत्या.

त्या दिवशी पुढची तारीख मिळाली. बाहेर आलो तर ऊन असं की कडुनिंबाखाली लावलेली गाडीही तापली होती. रसवंतीवर बसलो. वहिनींनी ग्लास हातात धरून ठेवला, प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या पोरांसाठीच विकून राहिली ना मी? मग पोरांच्याच वतीने मले काऊन विचारून राहिले, कायले विकता म्हणून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर वकिलांनी आणखी एक सांगून ठेवलं होतं. परवानगी मिळाली तरी मुलांच्या वाट्याचे पैसे ती अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत ठेवा, असं कोर्ट पुष्कळदा सांगतं. म्हणजे पोरीच्या फीसाठी विकलेल्या प्लॉटचे निम्मे पैसे फीच्या वेळी हाती येतीलच असं नाही. गिऱ्हाइकाने थोडे दिवस वाट पाहिली आणि जामठ्याला दुसरा प्लॉट घेतला.

घरी आल्यावर कायद्याचा फार राग आला. पण मी काटोलकडची आहे, आणि आमच्याकडच्या एका बागेची गोष्ट मला ठाऊक आहे. माझ्या आईचे दोन मावसभाऊ होते. त्यांची आई आधीच गेलेली, आणि वडील शेतात विजेचा धक्का लागून गेले तेव्हा एक जण सातवीत होता, एक चौथीत. सातबाऱ्यावर पोरांची नावं चढली आणि पुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान मुलांचा पालनकर्ता, म्हणून चुलत्याचं नाव लागलं. पोरं मामाकडे नरखेडला शिकायला राहिली. संत्र्याची बाग दरवर्षी ठोक्याने व्यापाऱ्याला जायची. आंबिया बहाराचे पैसे यायचे, मृगाचे यायचे, आणि ते कुठे जायचे हे विचारायला कोणी नव्हतं. दिवाळीनंतर चुलता मामाच्या घरी एक पेटी संत्री पाठवायचा. लाकडी पेटी, आत भाताचं तणस, वर पिवळीधमक फळं. शेजारीपाजारी म्हणायचे, काका किती आठवण ठेवतो पोरांची. आई सांगते, पेटी उघडल्याबरोबर घरभर वास सुटायचा आणि मोठा मावसभाऊ त्यातलं एकही संत्र खायचा नाही. त्याला कळत होतं. झाडं बापाने लावलेली होती आणि फळ काका भेट म्हणून धाडत होता. पुढे दोघं सज्ञान झाले, हिशोब मागितला, तर हिशोब असा नव्हताच. बागेवर सोसायटीचं कर्ज मात्र होतं.

असे चुलते असतात म्हणून कोर्टाच्या परवानगीची ही अट आहे. कोर्टाच्या टेबलावर वहिनींसारख्या आईचा अर्ज येतो आणि उद्या तसल्या काकाचाही येईल, दोन्ही एकाच नमुन्यात टाईप केलेले. साहेबांनी माणूस कसा ओळखावा? ओळख देऊ शकणारा एकच असतो, पोरांचा बाप, आणि तो गेलेला असतो. तो लिहून गेला असेल तरच त्याचं म्हणणं तिथे ऐकू येतं. भाऊजींनी एका कागदावर एवढंच लिहिलं असतं की माझं जे काही आहे ते माझ्यामागे माझ्या बायकोचं, तर प्लॉट वहिनींचा झाला असता आणि तो विकायला फक्त त्यांची सही लागली असती. भाऊजींनी हे जाणूनबुजून टाळलं असं मुळीच नाही. आपण नसलो की सगळं बायकोचंच होतं, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. माझ्या ओळखीचा जवळजवळ प्रत्येक नवरा हेच गृहीत धरून रोज सकाळी गाडीला किक मारतो.

लिहायचं म्हणजे काय करायचं, ते मी नंतर नीट समजून घेतलं. साधा कागद चालतो. स्टॅम्प पेपर लागत नाही. मराठीत, आपल्या हाताने लिहिलं तरी चालतं. आपली सही आणि ती सही करताना पाहणारे दोन साक्षीदार, त्यांच्याही सह्या. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याला एवढं पुरतं. आत काय लिहिलंय ते साक्षीदारांना दाखवायची गरज नाही, त्यांनी सही बघायची. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवणार नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी, असं माझं मत. आणि मन बदललं तर नवं करता येतं. शेवटचं जे असेल तेच खरं. आपण मुलाच्या शाळाप्रवेशाला याच्यापेक्षा जास्त कागद जमवतो.

तरी होत नाही. मी घरात विषय काढला तेव्हा सासूबाई देवघरासमोर बसून वाती वळत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "असं बोलू नये बाप्पा. वास्तू तथास्तु म्हणते." त्यांनी आयुष्यात फार मरणं पाहिली आहेत, दोन तर पोटची. त्यांच्या त्या म्हणण्याला मी अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारू शकत नाही, कारण ते ऐकल्यावर माझ्याही अंगावर काटा आला. रात्री उगीच मुलांच्या खोलीत गेले. मुलगी सहावीत आहे, मुलगा दुसरीत. कूलर घों घों करत होता, खसच्या ओल्या वासाने खोली भरलेली, मुलाचा पाय बहिणीच्या पोटावर. मी नसेन तेव्हा यांना पांघरूण कोण घालील, हा विचार पुरता मनात येऊ द्यायलाच किती जड जातं. बाकीचं सगळं लिहिता येतं, तो विचार ओलांडूनच मग लिहावं लागतं. बहुतेक माणसं त्या उंबऱ्यापाशीच परत फिरतात. मी कोणाला नावं ठेवत नाही.

नवरा म्हणाला, "आपल्याकडे आहे तरी काय? आणि पोरं लहान आहेत अजून." माझे वडील फोनवर हेच म्हणाले. ऑफिसात डबा खाताना विषय निघाला तर तिथेही हेच. पोरं लहान आहेत अजून, म्हणजे आपलं वय नाही झालं हे असले कागद करायचं. मृत्युपत्र करतात ते सत्तरीतले आजोबा, ज्यांची मुलं पन्नाशीची आहेत. ती पन्नाशीतली मुलं भांडतील, बोलणं टाकतील, पण त्यांची शाळा बुडणार नाही, आणि आज कोणी डबा भरून दिला नाही तर ती उपाशी राहणार नाहीत. ज्यांच्यासाठी कागद खरोखर लागतो ती दुसरीतली, सहावीतली पोरं, त्यांच्या घरात तो नसतो. मला वाटतं, मूल झालं की जन्मदाखल्याच्या मागोमाग हाही कागद व्हायला हवा. हे मी अगदी मनापासून म्हणते आहे.

१९५६ हे वर्ष आम्हा नागपूरकरांना दीक्षाभूमीमुळे तोंडपाठ असतं. त्याच वर्षी जूनमध्ये वारसा कायदा लागू झाला, गेलेल्या माणसाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला आणि विधवेला मुलाच्या बरोबरीने वाटा मिळाला. हिंदूंना लागू, तसाच बौद्ध, जैन, शिखांनाही. ऑगस्टमध्ये पालकत्वाचा कायदा आला. आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. घरचा कर्ता माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांचं काय, या एका प्रश्नावर त्या एका वर्षात देशाने एवढं काम करून ठेवलंय. एवढ्या वर्षांनीही आपल्या घरात मात्र त्याबद्दल बोलायला मंगल-अमंगळ आडवं येतं.

विम्याबद्दल तेवढी अडचण नसते. विम्याचे कागद घरोघरी आहेत. आमच्या लहानपणी एजंट काका रविवारी सकाळी स्कूटरवर यायचे, बाबांसोबत तर्रीपोहे खायचे, रेक्झिनच्या बॅगेतून पावती काढून द्यायचे. जाताना दोन तळहातांमध्ये ज्योत असलेलं कॅलेंडर देऊन जायचे. बाबा दर मार्चमध्ये एखादी नवी पॉलिसी घेत, टॅक्स वाचतो म्हणून. वीस वर्षांनी इतके मिळतील, हे काका वहीवर लिहून दाखवत. बाबा उद्या नसले तर आम्हाला किती मिळतील, हा आकडा त्या वहीत कधी लिहिलेला मला आठवत नाही. आणि विमा तर त्यासाठीच असतो.

भाऊजींच्याही पॉलिसी होत्या. कपाटातल्या फाईलमधून वहिनींनी काढल्या तेव्हा जाडजूड गठ्ठा निघाला, बघून बरं वाटलं. सगळ्या मिळून पाच लाखांचं संरक्षण. घरखर्च, फी, किराणा, दवाखाना धरून महिन्याला चाळीस हजार लागत असतील तर पाच लाख एक वर्ष पुरतात. एक वर्ष. मोठी अकरावीतून बारावीत जाईपर्यंत. त्यातल्या एका पॉलिसीवर नॉमिनी म्हणून भाऊजींच्या आईचं नाव होतं, कारण ती लग्नाआधी काढलेली. सासूबाई भल्या, त्यांनी पैसे आले तसे सुनेच्या हाती दिले. प्रत्येक घरात तसं होत नाही, आणि दोष सासूचाही नसतो. कागदावर तिचं नाव आहे म्हणून कंपनी तिच्या हातात पैसे देते, मग दुसरी मुलं कान भरतात. नोकरीच्या ठिकाणच्या पीएफसोबत विमा असतो, जास्तीत जास्त सात लाखांपर्यंतचा, हे वहिनींना कंपनीतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं. ते पैसे मिळाले म्हणून घर चाललं. कितीतरी बायकांना हे सांगणाराच कोणी भेटत नसेल.

मी टर्म प्लॅनचं, म्हणजे ठरावीक वर्षांत माणूस गेला तरच पैसे देणाऱ्या विम्याचं, बोलते तेव्हा लोक एकच विचारतात: काही झालं नाही तर पैसे परत मिळतात का? मिळत नाहीत. म्हणून त्याच हप्त्यात कितीतरी मोठी रक्कम मिळते. पैसे गेले याचा अर्थ आपण त्या सगळ्या वर्षांत मुलांसोबत होतो, त्यांची दहावी-बारावी पाहिली. याहून चांगला सौदा कुठला? २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीसुद्धा शून्य झाला आहे. आणि फक्त कमावत्या बापाचा विमा काढून भागत नाही. घरी राहणारी आई उद्या नसली तर स्वयंपाक, अभ्यास, आजारपणं, शाळेची ने-आण यांतलं कोणतं काम फुकट होणार आहे? तिच्या नावाने काहीच नसतं, कारण तिचा पगार कोणी कागदावर लिहिलेला नाही.

इथे खर्ऱ्याबद्दल लिहायलाच हवं. आपल्या विदर्भात खर्रा खाणारा माणूस स्वतःला तंबाखू खाणारा समजत नाही. पानठेल्यावर सुपारी, चुना, तंबाखू पन्नीत घालून तो पोरगा पाटीवर घोटतो, घोटतो, अगदी एकजीव होईपर्यंत, आणि ती पुडी खिशात टाकून साहेब ऑफिसला जातात. फॉर्मवर 'तंबाखू सेवन' या रकान्यापुढे तेच साहेब 'नाही' लिहितात. कधी एजंटच म्हणतो, नाही लिहा, हप्ता कमी बसेल. पॉलिसीला तीन वर्षं झाली की खोटी माहिती दिली म्हणून कंपनीला ती नाकारता येत नाही, विमा कायद्याचं ४५वं कलम आहे तसं. पण त्या तीन वर्षांच्या आत माणूस गेला, आणि दवाखान्याच्या केस पेपरवर डॉक्टरने तंबाखूचं व्यसन लिहिलं, तर? चार पैसे वाचवायला लिहिलेलं ते 'नाही' मुलांच्या पानातला घास काढून घेतं. ज्यांचा हात खिशातल्या पुडीकडे जातो त्यांनी खरं लिहावं, हप्ता थोडा जास्त भरावा. सोडता आला तर खर्रा सोडावा, पण तोवर फॉर्मवर तरी खरं असू द्या.

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंच्या खात्यातून दरवर्षी ४३६ रुपये कापले जातात, पंतप्रधानांच्या जीवनज्योती विम्याचे, दोन लाखांचा. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. बँकेत जाऊन बघितलं तर नॉमिनी नवरा, आणि नवरा दारूत बुडालेला. ताईंनी मुलीचं नाव लावलं. मुलगी लहान, म्हणून तिच्यासाठी पैसे कोण घेईल तेही लिहावं लागतं. त्यांनी बहिणीचं नाव दिलं. परत येताना गाडीवर मागे बसून त्या इतकंच म्हणाल्या, "आता पोरीले भेटतीन."

माझ्या नवऱ्याने टर्म प्लॅन घेतला तेव्हा मी १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली घ्यायला लावला. दीडशे वर्षांचा जुना कायदा, आणि किती कामाचा. त्याखाली घेतलेली पॉलिसी बायको-मुलांच्या नावाने विश्वस्त ठेव होते. उद्या नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज असलं तरी देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही, आणि नातेवाईकांनाही वाटा मागता येत नाही. पण हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, नंतर सुचून उपयोग नाही. एजंट आपणहून सांगत नाहीत. विचारावं लागतं.

पैसे हा मात्र अर्धाच भाग. उरलेला अर्धा मी २०२१च्या मे महिन्यात पाहिला. ते दिवस नागपूरकरांना सांगायला नकोत. आमच्या ओळखीतल्या एका घरातले नवरा-बायको दोघंही एकाच आठवड्यात गेले. आईबाप दोघंही कोरोनात गेलेल्या मुलांसाठी पुढे राज्याने पाच लाखांची ठेव दिली, केंद्राने दहा लाखांची तरतूद केली. ते झालं ते चांगलंच झालं. पण तेराव्याला मी त्या घरी होते. हॉलमध्ये आईकडचे एका बाजूला, वडिलांकडचे दुसऱ्या बाजूला, सगळ्यांच्या नाकावर मास्क. पोरांना कोण नेणार यावर बोलणं चाललं होतं. कोणी वाईट नव्हतं. मामाचं घर लहान, काकांची बदली व्हायची, आजी थकलेली. मुलं आतल्या खोलीत मोबाईलवर गेम खेळत होती, आवाज बंद करून. धाकटा बाहेर येऊन चार्जर मागून गेला, तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. शेवटी मुलगी मामाकडे आणि मुलगा काकांकडे असं ठरलं. तिच्या आईबापाला विचारलं असतं तर त्यांनी हे कधी होऊ दिलं नसतं, हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

बहीणभाऊ वेगळे झाले.

आईबापाला मृत्युपत्रात मुलांचा पालक नेमता येतो. वडिलांनी कोणाला नेमलं आणि आई हयात असली तर आईच पालक राहते. तीही गेली आणि तिने कोणाचं नाव लिहिलेलं नसलं, तर वडिलांनी नेमलेल्याचा हक्क उभा राहतो. म्हणून दोघांनी लिहावं आणि दोघांनी एकच नाव लिहावं. कोर्ट शेवटी मुलाचं हित पाहतं, पण आईबापाने काय ठरवलं होतं हे समोर असलं म्हणजे बोलणं कुठून तरी सुरू होतं.

ते एक नाव ठरवताना आमचं जितकं भांडण झालं तितकं घर घेतानाही झालं नव्हतं. माझी बहीण अमरावतीला. मुलं तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली, उन्हाळ्यात तिच्याकडेच असतात. पण तिच्या हाती पैसा टिकत नाही, कोणी मागितलं की देऊन टाकते. नवऱ्याचा धाकटा भाऊ नंदनवनला. व्यवहाराला चोख, पैशा-पैशाचा हिशोब ठेवणारा, पण त्याच्याजवळ माझा मुलगा मोकळेपणी रडेल असं मला वाटत नाही. नवऱ्याला वाटलं, मी त्याच्या भावाला कमी लेखते. मला वाटलं, तो माझ्या बहिणीला. आपल्या माणसांना असं तागडीत घालायला लागलो याचं दोघांनाही वाईट वाटत होतं, आणि तरी घातल्यावाचून गत्यंतर नव्हतं. वहिनींच्या वकिलांनीच मार्ग सुचवला: मुलं एकाकडे आणि पैशाची व्यवस्था दुसऱ्याकडे ठेवता येते. मुलं बहिणीकडे. विम्याची आणि फ्लॅटची व्यवस्था दिराकडे, त्याने दरमहा बहिणीला खर्च द्यायचा आणि वर्षाला हिशोब दाखवायचा. एकावर दुसऱ्याची नजर राहते, आणि कोणा एकावर सगळा भारही पडत नाही.

कायद्याच्या कागदासोबत मी एक पत्रही ठेवलंय. त्याला कोर्टात किंमत नाही. दोघांना वेगळं करू नका, हे पहिलं वाक्य. मुलाला रात्री पॅसेजमधला दिवा लागतो. मुलीला गणितावरून बोलू नका, ती आपली आपण करते, उशिरा करते. दर रविवारी आजीशी फोन. शाळा वर्षाच्या मध्ये बदलू नका, लागलंच तर बहिणीने मार्चपर्यंत नागपुरात येऊन राहावं, त्या भाड्याचे पैसे हिशोबात धरलेत. लिहिता लिहिता कळलं की मुलांबद्दल मला जे ठाऊक आहे ते किती बारीक आहे, आणि त्यातलं बरंचसं त्यांच्या बापालाही ठाऊक नाही. त्याला वाचायला दिलं. वाचून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग खाली त्याने आपल्या अक्षरात भर घातली: मुलाला पोहायला शिकवा, अंबाझरीला फिरायला नेता तेव्हा तो पाण्याच्या फार जवळ जातो.

मधल्या काळात वहिनींनी आपलं मृत्युपत्र केलं. आता मुलांना त्या एकट्याच आहेत, म्हणून त्यांना सर्वांत निकड. पालक म्हणून हिंगणघाटच्या भावाचं नाव दिलंय. साक्षीदार म्हणून मी होते आणि गल्लीतले एक निवृत्त मास्तर. सही करताना वहिनींचा हात जराही थरथरला नाही. प्लॉटचा अर्ज अजून चालू आहे. पुढच्या तारखेला पावत्यांच्या नकला पुन्हा लावायच्या आहेत.

आमचा कागद झाल्यावर दिराला घरी बोलावून सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटेल अशी भीती होती. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, एक-दोन प्रश्न विचारले, वहीत लिहून घेतलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन. "वहिनी, आम्ही दोघं काल रात्री बोलत बसलो. आमच्या पोराच्या कागदावर तुम्हा दोघांचं नाव टाकू का?" त्याचा मुलगा चौथीत आहे, आमच्या धाकट्याचा जीव की प्राण. तोंडावर 'हो'च आलं होतं. पण हे नाव असं फोनवर देण्यासारखं नाही, हे आता मला कळतं. म्हटलं, यांच्याशी बोलून उद्या सांगते. त्या रात्री जेवणं झाल्यावर आम्ही परत वही काढली. फ्लॅटच्या दोन खोल्या, तीन मुलं, तिघांची फी, माझं आणि नवऱ्याचं निवृत्तीचं वय. दिराचा विमा किती आहे ते विचारून घ्यायचं, कमी असेल तर वाढवायला सांगायचं, हे समासात लिहिलं. मग आमच्या दोघांच्या टर्म प्लॅनचा आकडा पुन्हा मांडायला घेतला, या वेळी तीन मुलं धरून.